आग नसताना वाजणारा फायर अलार्म: पॅनल बदलण्याआधी काय काय बघायचं

"पॅनल खराब झालंय, बदलून टाका." फायर अलार्मच्या दुरुस्तीला गेलो की बहुतेक ठिकाणी दारातच हे वाक्य ऐकायला मिळतं. पॅनल म्हणजे सगळ्या डिटेक्टरांच्या, म्हणजे धूर किंवा उष्णता ओळखणाऱ्या उपकरणांच्या, वायरी जिथे येतात ती नियंत्रण पेटी. इतक्या वर्षांत खरोखर पॅनलच बिघडलेलं निघालं अशी ठिकाणं मला बोटांवर मोजता येतील. बाकी सगळीकडे पॅनलने आपलं काम चोख केलं होतं. कुठल्या तरी डिटेक्टरपर्यंत काहीतरी पोचलं, डिटेक्टरने ते कळवलं आणि पॅनलने हूटर (भोंगे) वाजवले. ते 'काहीतरी' म्हणजे आग नव्हती, एवढंच.

ते काहीतरी शोधायचं कसं, हे इथे लिहितोय. इमारतीची देखभाल बघणाऱ्यांना, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना आणि दर चार दिवसांनी लोकांच्या शिव्या खाणाऱ्या ॲडमिनवाल्यांना उपयोग होईल. आधी फुकटातले उपाय, मग थोड्या खटपटीचे, आणि शेवटी जिथे हात लावायचाच नाही त्या गोष्टी.

लक्षणं

आधी आपला त्रास नेमका कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा.

लाल दिवा लागतो, हूटर वाजतात, पॅनलवर नेहमी तोच डिटेक्टर किंवा तोच झोन (इमारतीचा आखलेला भाग) दिसतो. तिथे जाऊन बघावं तर काहीच नाही. रिसेट केलं, म्हणजे यंत्रणा बटणाने पूर्वस्थितीत आणली, की शांत होतं आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. सर्वांत जास्त तक्रारी या प्रकारच्या.

रिसेट केल्यावर अर्ध्या मिनिटात परत वाजतं. हा वेगळा प्रकार. इथे कारण अजून जागेवरच बसलेलं असतं.

ठरावीक वेळीच वाजतं: रोज दुपारी, फक्त पावसात, फक्त साफसफाईच्या दिवशी, एसी सुरू झाल्यावर, वीज गेली-आली की. असं असेल तर अर्धं काम झालंच म्हणायचं.

दर वेळी वेगळाच डिटेक्टर, वेगळाच मजला. हे जरा कटकटीचं.

पिवळा दिवा आणि बारीक 'टी-टी-टी'. हा अलार्म नाही, फॉल्ट आहे. म्हणजे आग लागली असं यंत्रणा म्हणत नाहीये, 'माझंच काहीतरी दुखतंय' असं म्हणतेय. लोक हे दोन्ही एकाच पोत्यात घालतात आणि मग फोनवर अर्धा तास आमचा गोंधळ चालतो. लाल की पिवळा, एवढं आधी बघा.

आणि एक लक्षण पॅनलवर दिसत नाही: पूर्वी अलार्म वाजला की अग्निशमन दलाच्या दोन गाड्या यायच्या, आता एकच येते, किंवा आधी फोन करून खात्री करतात. आणि इमारतीतले लोक? ते जागचे हलतच नाहीत.

बंब येतो तेव्हा काय होतं

तपासणीच्या आधी हे सांगणं भाग आहे, कारण खाली मी 'हे करू नका' म्हणून जे जे सांगणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

पहिली गोष्ट. हूटर वाजला म्हणजे अग्निशमन दलाला कळलं, असं नाही. पुष्कळ इमारतींमध्ये पॅनल फक्त इमारतीपुरतं वाजतं, फोन माणसालाच करावा लागतो. काही ठिकाणी पॅनल एखाद्या देखरेख केंद्राला जोडलेलं असतं आणि तिथला माणूस दलाला कळवतो. आपल्याकडे यातलं काय आहे, हे विचारल्यावर दहा वर्षं त्याच इमारतीत काम करणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघताना मी पाहिली आहेत. आजच शोधून काढा आणि पॅनलशेजारी कागदावर लिहून चिकटवा.

दुसरी गोष्ट, नियंत्रण कक्षातले प्रश्न. ज्वाळा दिसतायत का? धूर आहे का, जळका वास येतोय का? कुठला मजला? आत कोणी अडकलंय का? हे प्रश्न वेळकाढूपणा नाहीत. किती गाड्या, कुठल्या गाड्या आणि किती घाईने पाठवायच्या हे बऱ्याच ठिकाणी या उत्तरांवर ठरतं. इंग्लंडमध्ये अग्निशमन दलं ज्या घटनांना जातात त्यांपैकी सुमारे ४०% आगीचे खोटे इशारे असतात. एक गाडी तुमच्या दारात उभी असताना ती दुसरीकडच्या खऱ्या आगीला जाऊ शकत नाही, हा साधा हिशेब आहे. म्हणूनच स्कॉटलंडच्या अग्निशमन सेवेने १ जुलै २०२३ पासून व्यावसायिक इमारतींमधल्या नुसत्या स्वयंचलित अलार्मवर गाडी पाठवणं थांबवलं. आग असल्याची खात्री कोणीतरी केली पाहिजे, मग गाडी निघते. लंडनच्या दलाने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सकाळी ७ ते रात्री साडेआठ या वेळेत बहुतेक व्यावसायिक इमारतींसाठी असंच केलं. रुग्णालयं, वृद्धाश्रम, राहती घरं अशा, जिथे माणसं झोपलेली असतात त्या जागा दोन्हीकडे यातून वगळल्या आहेत. सगळीकडे असा नियम नाही, पण आधी खात्री विचारायची पद्धत पसरते आहे. तेव्हा अलार्म वाजल्यावर 'कोणीतरी बघेल' हे उत्तर चालणारं नाही. बघणारा माणूस आधीच ठरलेला हवा.

तिसरी गोष्ट, गाडी आल्यावर. अधिकारी सरळ पॅनलकडे येतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: सर्वांत आधी कुठला डिटेक्टर किंवा झोन वाजला, इमारतीचा झोनचा नकाशा, आणि किल्ल्या घेऊन उभा असलेला जाणता माणूस. उंच इमारत असेल तर जवान लिफ्टने थेट त्या मजल्यावर जात नाहीत. एक-दोन मजले खाली उतरून जिन्याने चढतात, कारण लिफ्टचं दार आगीच्या तोंडात उघडलं तर परतीचा रस्ता राहत नाही. मग दरवाज्याला हात लावून बघणं, फॉल्स सीलिंगच्या वर डोकावणं, थर्मल कॅमेरा फिरवणं. काही सापडलं नाही तर इमारत तुमच्या ताब्यात देतात आणि जातात. रिसेट करणं आणि दुरुस्ती करून घेणं हे तुमचं काम, त्यांचं नाही.

आता समजा ते यायच्या आधीच कोणी रिसेटचं बटण दाबलं. पॅनलचा पडदा कोरा. 'कुठे वाजलं?' 'बहुतेक तिसऱ्या मजल्यावर.' या 'बहुतेक'पायी चार माणसांना अख्खी इमारत पालथी घालावी लागते. सायलेन्स म्हणजे आवाज बंद, माहिती शाबूत. रिसेट म्हणजे माहितीही गेली, निदान पडद्यावरून तरी. जागा तपासून झाल्यावर सायलेन्स करायला हरकत नाही, पण गाडी निघाली असेल तर ती येऊन बघेपर्यंत रिसेटला हात लावू नका.

आणि लोक हलत नाहीत त्याचं काय, याचं उत्तर न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात मिळतं. १९ जानेवारी २००० च्या पहाटे तिथे बोलंड हॉलमध्ये आग लागली. अलार्म वाजला होता. पण त्या आधीच्या काही महिन्यांत तो इतक्यांदा खोटा वाजला होता की कित्येक मुलं अंथरुणातून उठलीच नाहीत. ३ विद्यार्थी गेले. यंत्रणा चालू होती, लोकांचा तिच्यावरचा विश्वास बंद पडला होता.

म्हणून खालचं सगळं इमारत तपासून, आग नाही याची खात्री झाल्यानंतर करायचं. अलार्म वाजत असताना तो खरा आहे असंच धरायचं, मग आजचा तो सलग नववा असला तरी.

तपासणी १: पॅनल वाचा आणि वही उघडा

खर्च शून्य, आणि निम्मी प्रकरणं इथेच सुटतात.

ॲड्रेसेबल पॅनल असेल तर पडद्यावर डिटेक्टरचा नंबर आणि जागेचं नाव येतं. कन्व्हेन्शनल असेल तर नुसता झोनचा दिवा लागतो. मग त्या झोनमध्ये फिरून कुठल्या डिटेक्टरवरचा लाल दिवा लागलेला आहे ते बघावं लागतं. हा दिवा रिसेट केल्यावर विझतो, हे रिसेट न करण्याचं आणखी एक कारण. आठ-दहा डिटेक्टर वाजले असतील तर महत्त्वाचा पहिला. बाकीचे त्याच धुराने किंवा वाफेने मागून जागे झालेले असतात. ॲड्रेसेबल पॅनलमध्ये घडामोडींची नोंद साठलेली असते, तिचा मेनू कुठे आहे ते शांत दिवशी शिकून ठेवा. पॅनलचं घड्याळ बरोबर आहे ना, तेही बघा. मी एकदा दोन तास नोंदींचा ताळमेळ लावत बसलो होतो आणि शेवटी घड्याळच पाच तास मागे निघालं.

मग एक वही. तारीख, वेळ, डिटेक्टर, त्या वेळी तिथे काय चाललं होतं, बाहेर हवा कशी होती. चार नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. एका कारखान्याच्या ऑफिसात कॉरिडॉरमधला डिटेक्टर आठवड्यातून दोन-तीनदा वाजायचा. दोन जणांनी येऊन दोनदा डिटेक्टर बदलला होता. वहीत वेळा लिहायला लावल्या तर सगळ्या दुपारी २:२० ते २:३० मधल्या. मी दोनला जाऊन तिथे स्टूल टाकून बसलो. सव्वादोनला पाळी सुटली, कामगार आंघोळीला गेले, सहाही शॉवर एकदम सुरू. दहा मिनिटांनी कोणीतरी आंघोळीच्या खोलीचं दार लोटलं आणि वाफेचा एक लोळ छताला घासत सरळ डिटेक्टरकडे गेला. दाराला आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावली, आतला बंद पडलेला पंखा चालू केला. परत फोन आला नाही.

तपासणी २: डिटेक्टरच्या खाली काय चालतं

त्या जागी उभं राहा. शक्यतो त्याच वेळी, ज्या वेळी तो वाजतो.

बहुतेक धुराचे डिटेक्टर हल्ली ऑप्टिकल असतात. आत एक काळी कोठडी असते, तिच्यात एक इन्फ्रारेड दिवा आणि एक प्रकाश टिपणारा डोळा. दोघं एकमेकांसमोर नसतात, तिरपे बसवलेले असतात. एरवी दिव्याचा उजेड डोळ्यावर पडतच नाही. धूर शिरला की त्याच्या कणांवरून उजेड विखुरतो, थोडा डोळ्यापर्यंत जातो, आणि अलार्म. गंमत अशी की त्या डोळ्याला धूर कळत नाही, विखुरलेला उजेड कळतो. तो वाफेच्या थेंबांनी विखुरो, ड्रिलिंगच्या पिठासारख्या धुळीने, डिओच्या फवाऱ्याने, ई-सिगारेटच्या ढगाने किंवा स्टेजवरच्या खोट्या धुक्याने, त्याला सारखंच.

म्हणून विचारायचे प्रश्न असे: जवळ स्वयंपाक होतो का? आंघोळीची खोली आहे का? प्लास्टर घासणं, फरशी कापणं, वेल्डिंग चालू आहे का? झाडताना धुरळा उडतो का? जनरेटरचा धूर वाऱ्याबरोबर हवा आत घेणाऱ्या झडपेत शिरतो का? हे शेवटचं कोणाच्या लक्षात येत नाही. डिटेक्टर चौथ्या मजल्यावर वाजतो आणि कारण तळमजल्याच्या मागच्या अंगणात असतं.

उपाय बहुतेक वेळा डिटेक्टरच्या बाहेरच असतो: दार बंद ठेवणं, एक्झॉस्ट दुरुस्त करणं, कापाकापी बाहेर नेणं. बांधकाम चालू असेल तर त्या भागातले डिटेक्टर कामापुरते बंद करून घ्यावेत, त्यांना कंपनीच्या धुळीच्या टोप्या लावाव्यात, तेवढा वेळ तिथे पहाऱ्याला माणूस ठेवावा, आणि संध्याकाळी टोप्या काढून यंत्रणा पूर्ववत करावी. यातलं शेवटचं वाक्य दोनदा वाचा. रंगकामाच्या वेळी लावलेल्या नारिंगी टोप्या वर्षभराने काढायला मी गेलेलो आहे. त्या मजल्यावर वर्षभर एकही खोटा अलार्म आला नव्हता, आणि यंत्रणा सुधारली म्हणून लोक खूश होते.

तपासणी ३: हाताने दाबायचे कॉल पॉइंट

पॅनलवर कॉल पॉइंट दिसत असेल तर गोष्ट सोपी. काच फुटली आहे का, तडकली आहे का, ट्रॉलीचा किंवा खांद्याचा धक्का लागतो का, कोणी दार उघडायचं बटण समजून दाबतं का, हे बघा. वर उचलावं लागणारं पारदर्शक झाकण लावलं की चुकून आणि खोडसाळपणे दाबण्याचे दोन्ही प्रकार कमी होतात. पण कॉल पॉइंटचा अलार्म हलक्यात घेऊ नका. तिथे यंत्राने नाही, माणसाने काहीतरी पाहिलेलं असू शकतं.

तपासणी ४: डिटेक्टरकडे नीट बघा, मग साफ करा

शिडी, टॉर्च, आणि शिडी धरायला दुसरा माणूस. जाळीवर धुळीची काळी झालर आहे का? रंगाऱ्याचा ब्रश फिरलाय का? आजूबाजूच्या छतावर ओलीचा डाग आहे का? ओल दिसली तर तिथेच थांबा आणि खाली 'कधी थांबायचं' वाचा.

धुळीने काय होतं ते सांगतो. धूळ कोठडीच्या भिंतींवर बसते आणि आत थोडा उजेड कायमच विखुरलेला राहतो. चांगले डिटेक्टर हे सरकत जाणं ओळखून आपली पायरी जुळवून घेतात. त्यालाही मर्यादा असते. ती संपत आली की पॅनल 'सफाई करा' अशा अर्थाचा इशारा देतं, आणि ते इशारे सगळे जण ढकलत नेतात. ज्या साध्या डिटेक्टरमध्ये ही सोय नाही, तिथे धूळ वाढेल तसा अलार्मचा उंबरा जवळ येत जातो. पूर्वी ज्या वाफेने काही व्हायचं नाही तिनेच आता वाजतं. 'इतकी वर्षं नाही वाजला, आत्ताच का?' याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आणि किडे. बारीक कोळी, चिलटं, पावसाळी पाखरं जाळीतून आत जातात. एक डिटेक्टर मी उघडला तेव्हा त्या काळ्या कोठडीत कोळ्याचा एकच धागा आडवा ताणलेला होता, टॉर्चच्या उजेडात तारेसारखा चमकत होता. वारा आला की तो हलायचा आणि तीन मजले रिकामे व्हायचे.

सफाई बाहेरून: आधी तो झोन टेस्टला टाका, देखरेख केंद्राला जोडणी असेल तर त्यांना कळवा, मग मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्युमने जाळीभोवती फिरवा. ओलं फडकं नको, साबण नको, कॉम्प्रेसरची जोरदार हवा तर अजिबात नको, तिने बाहेरची धूळ आत जाऊन बसते. कोठडी उघडून साफ करणं हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलं असेल तरच, आणि नंतर चाचणीच्या धुराने तपासणी झालीच पाहिजे. साफ केलेला पण वाजवून न पाहिलेला डिटेक्टर म्हणजे छतावरची शोभेची वस्तू. दहा वर्षांचा झाला असेल तर साफसफाईत जीव काढू नका, बदला.

जुन्या इमारतींमध्ये आयोनायझेशन प्रकारचे डिटेक्टर अजून भेटतात. त्यांच्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी पदार्थाचा अगदी सूक्ष्म तुकडा असतो. छतावर लावलेला असताना धोका नाही, पण तो उघडायचा नाही, खरवडायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. स्वयंपाकाच्या आसपास हे फारच चटकन वाजतात, कारण त्यांना डोळ्याला न दिसणारे बारीक कणही पुरतात.

तपासणी ५: अदलाबदल

इथून पुढे प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. तुमच्याकडे घरचा इलेक्ट्रिशियन असेल आणि त्याला ही यंत्रणा माहीत असेल तर ठीक.

संशयित डिटेक्टर काढून त्या जागी त्याच मॉडेलचा, शांत जागेवरचा डिटेक्टर बसवायचा आणि याला तिकडे पाठवायचं. आठ-पंधरा दिवस थांबायचं. बोंब डिटेक्टरबरोबर तिकडे गेली तर डिटेक्टर खराब. बोंब जुन्याच जागी राहिली तर दोष जागेत किंवा वायरिंगमध्ये. नवा डिटेक्टर विकत घेण्याआधी हे करा. मी तरी याच्याइतकी स्वस्त आणि पक्की चाचणी दुसरी पाहिली नाही.

एक सावधगिरी. ॲड्रेसेबल यंत्रणेत काही कंपन्यांचा नंबर डिटेक्टरच्या डोक्यात (काढता येणाऱ्या भागात) असतो, काहींचा बेसमध्ये, म्हणजे डिटेक्टर ज्यावर बसतो त्या तळात. डोक्यात असेल आणि तो न बदलता अदलाबदल केली तर पॅनल म्हणेल 'दुसरा मजला' आणि आग असेल पाचव्यावर. जवान दुसऱ्यावर धावतील. अदलाबदलीनंतर दोन्ही डिटेक्टर वाजवून पॅनलवर बरोबर जागा दिसते का, हे बघितल्याशिवाय शिडी उचलायची नाही.

तपासणी ६: डिटेक्टर जागी चुकला की जातीने चुकला

कधीकधी डिटेक्टर ठणठणीत असतो, जागाही स्वच्छ असते आणि तरीही वाजतो. मग बसवणाऱ्याची चूक शोधायची. एसीच्या किंवा हवा सोडणाऱ्या जाळीच्या अगदी पुढ्यात बसवलाय का? किमान १ मीटर अंतर हवं. नाहीतर एसी सुरू होताना डक्टमधली सगळी धूळ त्याच्याच तोंडावर येते. उलट बाजूनेही तोटाच आहे, खऱ्या आगीचा धूर तीच हवा ढकलून लांब नेते.

स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर हा मूळचाच चुकलेला बेत. तिथे उष्णतेचा हवा. त्यातही दोन जाती: ठरावीक तापमानाला, साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला, वाजणारा आणि तापमान झपाट्याने चढलं, म्हणजे मिनिटाला ८ अंशांच्या आसपास, की वाजणारा. भट्टीच्या किंवा बॉयलर खोलीच्या दाराशी दुसरा लावला तर दार उघडल्यावर येणारा गरम झोत त्याला पुरतो. ज्या खोल्यांमध्ये थोडी वाफ असतेच पण माणसंही झोपतात तिथे धूर आणि उष्णता दोन्ही जोखणारा मल्टिसेन्सर बरा पडतो.

पण यातला कुठलाही बदल परस्पर करायचा नाही. धुराच्या जागी उष्णतेचा डिटेक्टर म्हणजे आग उशिरा कळणार. तेवढा उशीर त्या जागी परवडतो का, हे यंत्रणेचा आराखडा करणाऱ्याने ठरवायचं.

तपासणी ७: पाणी, वायर, बॅटरी

फक्त पावसात वाजतं? मग वर गळतंय. कन्व्हेन्शनल झोनमध्ये पॅनल वायरमधल्या प्रवाहावर लक्ष ठेवून असतं. शेवटच्या डिटेक्टरमागे एक रेझिस्टर लावलेला असतो, त्यामुळे एरवी ठरावीक बारीक प्रवाह वाहतो. प्रवाह थांबला तर वायर तुटली असं समजून फॉल्ट. डिटेक्टर वाजला की तो वायरींवर कमी रोधाचा भार टाकतो, प्रवाह वाढतो, पॅनल म्हणतं आग. बेसच्या दोन टर्मिनलांमध्ये पाण्याचा थेंब बसला तर तोही थोडाफार तेच करू शकतो. दुपारी ऊन पडलं की थेंब सुकतो आणि मेकॅनिक येतो तेव्हा सगळं सुरळीत! म्हणून बेसच्या टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा गंज शोधायचा. पाणी गेलं तरी तो मागे राहतो.

वीज जाता-येता कुरबुर होत असेल तर बॅटऱ्या. पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. फुगलेल्या दिसल्या किंवा चार-पाच वर्षांच्या झाल्या असतील तर दोन्ही एकदम बदलायच्या, एक नवी एक जुनी असं नाही. पॅनलचं दार उघडून हे बघणं मात्र तंत्रज्ञाचं काम, आत मेनचा पुरवठा असतो.

याशिवाय काही पॅनलमध्ये एक सोय असते: एका डिटेक्टरवर आधी फक्त कर्मचाऱ्यांना इशारा आणि दोन डिटेक्टर वाजले की पूर्ण अलार्म, किंवा तपासायला काही मिनिटांची सवड. खोट्या अलार्मवर हे रामबाण वाटतं. पण ती मिनिटं खऱ्या आगीलाही मिळतात. चोवीस तास धावत जाऊन बघणारा माणूस नसेल तर ही सोय नको, आणि असला तरी लेखी संमतीशिवाय नको.

हे मुळीच नको

डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी, चिकटपट्टी, हातमोजा. झोन 'तात्पुरता' डिसेबल करून सुट्टीवर जाणं. हूटरची वायर काढणं. हे सगळं मी पाहिलंय, आणि करणारी माणसं वाईट नव्हती, रात्री तीनदा उठून कंटाळली होती. डिसेबल करावंच लागलं तर कोणी केलं, का केलं, कधी उघडायचं हे पॅनलवर कागद लावून लिहा, आणि तोवर त्या भागात माणसाने फेऱ्या मारायच्या.

कधी थांबायचं

पॅनल आग विझवायला गॅस सोडणाऱ्या यंत्रणेला जोडलेलं असेल, उदाहरणार्थ सर्व्हर रूममध्ये, तर तपासणी २ च्या पुढे एक पाऊलही नको. डिटेक्टर काढण्या-घालण्यात गॅस सुटू शकतो, आणि कार्बन डायऑक्साइड असेल तर आतला माणूस जिवंत बाहेर येईलच असं नाही. थेट तज्ज्ञ बोलवा.

रिसेट दोनदा केलं आणि दोन्ही वेळा लगेच वाजलं, तर तिसऱ्यांदा दाबू नका. आधी ती जागा पुन्हा बघा, छताच्या वर, डक्टमध्ये, बंद कपाटात. धुमसणारी वायर अशीच लपते. वास आला किंवा भिंत गरम लागली तर लोकांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. मेकॅनिकला नंतर.

बेसमध्ये पाणी, दर वेळी वेगळा डिटेक्टर, अर्थ फॉल्ट (वायरमधून जमिनीकडे होणारी विजेची गळती), मोठ्या हॉलमधले बीम डिटेक्टर (हॉलभर प्रकाशाचा झोत टाकून धूर ओळखणारे), नळ्यांनी हवा खेचणारी यंत्रणा, लिफ्ट आणि धुराच्या झडपांशी जोडलेलं पॅनल, यातलं काहीही असेल तर परवानाधारक तंत्रज्ञच हवा. बदल केल्यावर त्याच्याकडून चाचणीचा लेखी अहवाल घ्या.

त्याला फोन करताना 'पॅनल खराब झालंय' असं म्हणू नका. पॅनलचं मॉडेल, लाल की पिवळा, पहिला डिटेक्टर कुठला, शेवटच्या चार वेळा किती वाजता वाजलं आणि त्या वेळी तिथे काय चालू होतं, एवढं वहीतून वाचून दाखवा. मी असा फोन घेतला की निम्म्या वेळा गाडीत कुठली शिडी आणि कुठला डिटेक्टर टाकायचा हे तिथेच ठरतं.